कार्तिक ते पौष : हवामानाचा रंग आणि रब्बीच्या शेतकऱ्याची सावधगिरी

दिवाळीचे दिवे विझले कीं शेतकऱ्याच्या वर्षाचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो. खरिपाचा माल खळ्यावर आलेला असतो, काळ्या रानांतील ज्वारी वाढीस लागलेली असते, हरभरा ओळींनीं वर डोकावत असतो आणि बागाईतदार गव्हाच्या पेऱ्याची तयारी करीत असतो. याच सुमारास आकाशाचा रंग पालटूं लागतो. सकाळीं गवतावर दंव दिसूं लागतें, आणि जो तो एकमेकांस विचारूं लागतो कीं, यंदा थंडी कशी पडणार?

या प्रश्नाचें उत्तर मिळण्याचीं साधनें आज पुष्कळ झालीं आहेत. भारतीय हवामान खात्याचा कृषि-सल्ला आठवड्यांतून दोनदां, मंगळवारीं व शुक्रवारीं, प्रसिद्ध होतो; २०१९ सालापासून ‘मेघदूत’ या सोयीनें तो भ्रमणध्वनीवर वाचतां येतो; आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत ग्रामपंचायतींच्या पातळीवरील अंदाजहि देण्यास आरंभ झाला. ही सोय मोठीच आहे व सुज्ञ शेतकऱ्यानें तिचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु एक गोष्ट विसरतां कामा नये. अंदाज गांवाचा असतो. थंडी मात्र शेताची असते. एकाच शिवारांत, एकाच रात्रीं, माळावरचा तुकडा सुखरूप राहतो आणि ओढ्याकांठचा तुकडा करपून जातो. हा भेद कशामुळें पडतो व तो आधीं ओळखून आपण काय करूं शकतों, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

कार्तिकाचें आकाश

नैर्ऋत्येचा मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या पूर्वार्धांत आपल्या प्रांतांतून परत फिरतो. हवामान खात्यानें २०२० सालीं ज्या नव्या सरासरी तारखा ठरविल्या, त्यांत मुंबईहून पाऊस परतण्याची तारीख ८ ऑक्टोबर ही आहे. येथून पुढें आकाश निवळावें, अशी आपली अपेक्षा असते. परंतु याच महिन्यांत दक्षिणेंत ईशान्येचा पाऊस सुरू झालेला असतो आणि बंगालच्या उपसागरांत व अरबी समुद्रांत वादळें उठण्याचा हा काळ असतो. त्यांपैकीं एखाद्याची शेंपटी आपल्याकडे वळली कीं कार्तिकांत, क्वचित् मार्गशीर्षांतहि, ढग दाटून येतात.

हे पावसाळी दिवस अपवाद म्हणून सोडून देण्यासारखे नाहींत. २००९ च्या नोव्हेंबरांत ‘फयान’ वादळ कोंकण किनाऱ्यावर आलें. २०१७ च्या डिसेंबरांत ‘ओखी’ वादळानें ऐन थंडीच्या दिवसांत मुंबईस व कोंकणास भिजविलें. २०२३ च्या नोव्हेंबर अखेरीस नाशिक जिल्ह्यांत पाऊस व गारा पडून द्राक्षांचें व कांद्याचें अतोनात नुकसान झालें.

अशा पावसाचा परिणाम पिकापिकावर निराळा होतो. कोरडवाहू ज्वारीस कार्तिकांतील एक सर सोन्याची ठरते. स्वाति नक्षत्राच्या पावसाचें कौतुक जुन्या लोकांनीं उगीच केलेलें नाहीं. उलट, ऑक्टोबरची छाटणी होऊन फुलोऱ्यावर आलेल्या द्राक्षाच्या वेलास तोच पाऊस म्हणजे केवडा रोगास आमंत्रण होय. हरभऱ्यावर ढगाळ हवेंत घाटेअळीचा जोर होतो, ज्वारीवर मावा पडून पानें चिकट होतात, आणि कोंकणांतील हापूसच्या झाडांस ऐन मोहोराच्या वेळीं नवी पालवी फुटून मोहोर लांबणीवर पडतो. सारांश, कार्तिकांत आकाशाकडे पाहावयाचें तें रोगाच्या व किडीच्या दृष्टीनें. थंडीचें संकट त्यानंतरचें आहे.

थंडी सांगून येते

आपल्याकडील कडक थंडी बहुधा उत्तरेकडून येते. भूमध्य समुद्राच्या बाजूनें निघालेले हवेचे कमी दाबाचे भोंवरे हिंवाळ्यांत एकामागून एक काश्मीर व पंजाबाकडे येत असतात. हवामानशास्त्रांत त्यांस पश्चिमी विक्षोभ असें म्हणतात. असा भोंवरा उत्तरेंत असतांना आपल्याकडे वारा दक्षिणेचा किंवा पूर्वेचा राहतो, आकाशांत उंचावर पातळ ढग दिसतात आणि रात्री उबदार वाटतात. अननुभवी मनुष्य म्हणतो, थंडी गेली. परंतु भोंवरा पुढें सरकला कीं वारा उत्तरेकडे फिरतो, आकाश स्वच्छ धुतल्यासारखें होतें आणि सातपुडा ओलांडून कोरडी थंड हवा खानदेश, गोदाकांठ व विदर्भ येथें उतरते.

यांत लक्षांत ठेवण्याजोगी खूण अशी कीं, पहिली वाऱ्याची रात्र सर्वांत घातक नसते. वारा वाहतो तोंवर हवा ढवळली जाते आणि वरची ऊब खालीं येत राहते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीं वारा पडतो, सायंकाळीं झाडाचें पान हलत नाहीं, चांदण्या स्वच्छ दिसतात. ती रात्र जागून काढण्याची होय.

हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणें सपाट प्रदेशांत रात्रीचें किमान तापमान १० अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी झालें आणि तें सरासरीपेक्षां ४·५ अंश किंवा अधिक उतरलें, तर तिला थंडीची लाट म्हणतात. सरासरी कांहींहि असो, तापमान ४ अंशांवर आलें तरी ती लाटच समजतात. आपल्या प्रांतानें याहून पुष्कळ कडक रात्री पाहिल्या आहेत. पुण्यास १७ जानेवारी १९३५ रोजीं पारा १·७ अंशांवर उतरला होता. मुंबईस सांताक्रूझ येथें २२ जानेवारी १९६२ रोजीं ७·४ अंशांची नोंद झाली. अलीकडे हिंवाळे सौम्य झाले आहेत असें आपण म्हणतों, व तें सर्वस्वीं खोटें नाहीं. १९०१ ते २०१८ या काळांत देशाचें सरासरी तापमान सुमारें ०·७ अंशानें वाढलें आहे. तथापि नागपुरास ३·५ अंशांची रात्र आली ती २९ डिसेंबर २०१८ रोजीं. सरासरी वाढली म्हणून एकटीदुकटी रात्र दयाळू होते असें नाहीं, आणि पीक जळण्यास एकच रात्र पुरते.

जमिनीचें पांघरूण

दिवसा सूर्यापासून मिळालेली उष्णता जमीन रात्रभर आकाशांत सोडीत असते. ढग असले तर ते पांघरुणासारखे ती उष्णता परत खालीं पाठवितात. आकाश निरभ्र असलें कीं हें पांघरूण उडतें. हवेंत ओलावा असेल तर पहाटेच्या आधींच दंव पडूं लागतें, आणि वाफेचें पाणी होतांना जी उष्णता सुटते ती पारा फार उतरूं देत नाहीं. म्हणूनच भरपूर दंवाच्या रात्रीं सहसा पीक जळत नाहीं. कोरडी थंडी मात्र जाळते.

थंड झालेली हवा जड होते आणि पाण्याप्रमाणें उताराकडे वाहते. नाला, ओढा, खोलगट रान, धरणाखालचा सखल भाग येथें ती सांचून राहते. मार्गांत उंच दाट कुंपण किंवा मोठा बांध आडवा असेल तर त्याच्या वरच्या अंगासहि तिचें तळें होतें. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या परिसरांत दंव गोठून हिमकण दिसतात, पण गांवांत उंचावर तसें दिसत नाहीं, याचें कारण हेंच.

या बाबतींत एक उपयुक्त शोध आपल्या पुण्याशीं निगडित आहे. हवामान खात्यानें १९३२ सालीं पुण्यास कृषि-हवामान शाखा सुरू केली व तिची धुरा डॉ. एल. ए. रामदास यांजकडे आली. त्याच वर्षीं रामदास व आत्मनाथन् यांनीं असें दाखवून दिलें कीं, शांत, निरभ्र रात्रीं उघड्या रानांत सर्वांत थंड हवा जमिनीस चिकटलेली नसते. ती जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर असते. ही गोष्ट प्रथम शास्त्रज्ञांस खरी वाटेना. पुढें तिचा पडताळा आला आणि त्या थरास रामदासांचेंच नांव मिळालें. शेतकऱ्यास याचा अर्थ सरळ आहे. हरभऱ्याचें फूल, बटाट्याचा शेंडा, रोपवाटिकेंतील मिरची व टोमॅटो हीं सर्व नेमकीं याच उंचीवर असतात. वेधशाळेचा तापमापक मात्र जमिनीपासून सुमारें चार फूट उंचीवर, पांढऱ्या पेटींत, छायेंत ठेवलेला असतो. अंदाजांत ५ अंश म्हटलें असतां पिकाच्या शेंड्याजवळ २-४ अंश त्याहूनहि कमी असूं शकतात. आणि शेत सखल असेल तर अंतर आणखी वाढतें.

प्रस्तुत लेखकानें हा धडा नुकसान सोसून घेतला आहे. आमच्या रानाचा उतार ओढ्याकडे आहे व ओढ्याच्या वरच्या बाजूस घायपाताचें दाट कुंपण होतें. एके वर्षीं पौषांत ५ अंशांचा अंदाज वाचून, एवढ्या थंडीनें बटाट्यास कांहीं होत नाहीं अशा समजुतीनें, मी स्वस्थ झोंपलों. सकाळीं कुंपणालगतचा पाऊण एकर पाला उकळत्या पाण्यांत बुडविल्यासारखा काळा पडलेला होता. शंभर पावलें वर असलेला त्याच बियाण्याचा तुकडा हिरवागार होता. आमचे आजोबा त्या सखल तुकड्यांत नाजूक माळवें लावूं देत नसत, त्याचें कारण त्या दिवशीं कळलें. पुढील वर्षीं कुंपणास उताराच्या दिशेनें दोन रुंद खिंडी पाडल्या; थंड हवेस वाट मिळाली, आणि तो तुकडा तसा पुन्हां जळला नाहीं. अंदाज चुकला नव्हता. तो माझ्या शेतास लागू करून पाहण्याचें काम माझें होतें आणि तें मीं केलें नव्हतें.

आपल्या शेताचा दाखला

तें काम कसें करावें? एक किमान तापमापक विकत घ्यावा. रात्रींतील सर्वांत कमी तापमान त्यावर सकाळपर्यंत टिकून राहतें. शेतांतील सर्वांत सखल जागीं खुंटी रोंवून, जमिनीपासून हातभर उंचीवर तो उघडा टांगावा. शक्य असल्यास दुसरा उंच भागीं टांगावा. कार्तिकापासून रोज सूर्योदयापूर्वीं आंकडा वहींत लिहावा, त्याच ओळींत अंदाजांतील आंकडा, आकाश स्वच्छ होतें कीं ढगाळ, वारा होता कीं नव्हता, एवढें नोंदावें. पंधरा-वीस निरभ्र रात्रींची नोंद झाली कीं अंदाज व आपलें शेत यांतील फरक स्पष्ट होतो. समजा, तो फरक ५ अंशांचा आहे. मग अंदाजांत ८ म्हटल्यास आपल्या सखल तुकड्यांत ३ समजावें व त्याप्रमाणें तयारी करावी. एकाच वर्षाच्या नोंदीवर न थांबतां हें तीन-चार वर्षें चालविलें, तर त्या वहीइतका मोलाचा ऐवज घरांत दुसरा नसेल. कोणत्या तुकड्यांत काय लावावें, हेंहि तीच सांगूं लागेल.

थंडीची रात्र आल्यावर

(१) पाणी. ओली जमीन दिवसा अधिक ऊब सांठविते व रात्रीं ती हळूहळू सोडते. कोरड्या भुसभुशीत जमिनींत हवा भरलेली असल्यानें ती तसें करूं शकत नाहीं. म्हणून लाटेची सूचना मिळतांच दिवसा किंवा सायंकाळीं हलकें पाणी द्यावें. विहिरीचें पाणी हिंवाळ्यांत हवेपेक्षां कोमट असतें, हाहि एक लाभ आहे. ठिबक असल्यास तें उत्तररात्रीं चालवावें. तुषार सिंचन सुरू केलें तर सूर्य वर येईपर्यंत बंद करूं नये. मध्येंच थांबविल्यास भिजलेलीं पानें अधिकच गार पडतात. लाटेच्या तोंडावर कोळपणी मात्र करूं नये, कारण नुकती मोकळी केलेली माती ऊब अडविते.

(२) आच्छादन. रोपवाटिकेवर सायंकाळीं गवताची किंवा पाचटाची झांप टाकावी व ऊन पडतांच काढावी. केळीचे घड झांकावे. पिकाच्या डोक्यावरील आच्छादन उबदार असतें; पिकाच्या पायाशीं पसरलेलें जाड पाचट ओल राखतें हें खरें, परंतु निरभ्र रात्रीं तें जमिनीची ऊब वर येऊं देत नाहीं. नाजूक पिकांत हा भेद ध्यानांत घ्यावा.

(३) शेकोट्या. बागेंत धूर करण्याची चाल आहे. नुसत्या धुरानें जमिनीची उष्णता फारशी अडत नाहीं. उपयोग होतो तो विस्तवाच्या उबेचा. म्हणून एक मोठा जाळ न करितां बागेंत ठिकठिकाणीं लहान शेकोट्या मध्यरात्रीनंतर पेटवाव्या व पहाटेपर्यंत टिकवाव्या. सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या सुमारास असतें. त्यामुळें पहांटे चार वाजतां निजावयास जाणारा शेतकरी सर्व श्रम वायां घालवितो.

(४) वारा व वाट. केळीच्या बागेस उत्तरेच्या बाजूनें शेवरीचा किंवा उंच गवताचा आडोसा असावा. परंतु उताराच्या खालच्या अंगास वाट मोकळी असावी, म्हणजे थंड हवा सांचणार नाहीं.

(५) खत व छाटणी. थंडीच्या तोंडावर नत्राचा मोठा हप्ता देऊं नये. त्यानें लुसलुशीत फूट येते व तीच प्रथम करपते. थंडीनें करपलेल्या फळझाडाच्या फांद्या लगेच छाटूं नयेत. नवी फूट कोठून येते तें पाहून मग कात्री लावावी.

कोणत्या पिकास किती भय

सर्वच पिकांस थंडी शत्रु नाहीं. गव्हास फुटवे येण्यासाठीं गार रात्री हव्याच असतात. पेरा नोव्हेंबरच्या पूर्वार्धांत साधावा व पहिलें महत्त्वाचें पाणी मुकुटमुळें फुटतांना, म्हणजे अठरा ते एकवीस दिवसांनीं द्यावें. उंसांत साखर भरण्यास थंडी अनुकूल असते. नव्या लागणीची उगवण मात्र मंदावते. आंब्याचा मोहोर गार रात्रींनींच बाहेर पडतो. विदर्भांतील संत्र्याचा आंबिया बहार धरणारा बागाईतदार याच दिवसांत झाडांस ताण देतो, आणि त्याला थंडीचें साह्य होतें.

हरभरा थंडी सोसतो, परंतु फुलोऱ्यांत फार गारठा पडल्यास फुलें गळतात व घाटे कमी धरतात. रब्बी ज्वारी पोटऱ्यांतून बाहेर पडून फुलत असतांना कडक थंडी आल्यास कणसांत दाणा नीट भरत नाहीं. म्हणून सोलापूर, मंगळवेढ्याकडील शेतकरी वेळेवर पेरणीस एवढे जपतात. कांद्याच्या पिकास लांबलेली थंडी डेंगळे आणते. जळगांवकडील केळीची वाढ १०-१२ अंशांखालीं खुंटते व घड बाहेर पडतांना अडकतो. निफाडच्या बाजूस द्राक्षाचे मणी फुगण्याच्या वेळीं पारा फार उतरला तर वाढ थांबते, हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येऊन मालाचा भाव पडतो, आणि रात्रींच्या गारठ्यापाठोपाठ दिवसाचें ऊन चढल्यास मणी तडकतात. वर्षभराची मजुरी, औषधें व कर्ज ज्या मालावर अवलंबून आहे, तो एका पहाटेंत हातचा जातो. म्हणून द्राक्षबागाईतदारानें तरी तापमापकाचा खर्च टाळूं नये.

शेवटीं संघाच्या सभासदांस एक विनंति. प्रत्येक गांवीं निदान तीन-चार सभासदांनीं, एकानें माळावर, एकानें मळ्यांत, एकानें ओढ्याकांठीं, यंदाच्या कार्तिकापासून अशी नोंद ठेवावी व संक्रांतीनंतरच्या बैठकींत त्या वह्या एकत्र मांडाव्या. कोणाच्या शेतांत थंडी आधीं उतरते, कोठें ती सांचते, कोणत्या बांधास वाट पाडावी, हें सर्व गांवास दिसेल. ढग, वारा व थंडी आपल्या हातीं नाहींत. परंतु उद्यां पहांटे आपल्या कोणत्या तुकड्यांत पाणी सोडावयाचें, हें आज सायंकाळीं ठरवितां येणें आपल्या हातीं आहे. आणि पुष्कळ वेळां तेवढ्यानेंच पीक वांचतें.